सहावं कार्ड कोरंच हवं

सासूबाईंचं वर्ध्याचं तिकीट निघालं त्याच दिवशी मी ठरवलं की यंदा रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या लुटायच्या नाहीत, खेळ लुटायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं पुष्करनंही विचारलं. पुष्कर माझा नवरा. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्टील प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. तिथं भट्टीचं बटण दाबलं की भट्टीच पेटते, म्हणून घरातही असंच होत असेल अशी त्याची समजूत आहे. मी त्याला म्हटलं, "तू जेव."

संबंध होता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवाळीपासून आमच्याकडे रायपुरात, तेलीबांध्याला होत्या. आमची सोसायटी तलावाच्या मागच्या बाजूला आहे, आणि तिथं सकाळी दूध घ्यायला उतरलेली बाई परत वर जाईपर्यंत तीन जणींशी बोलते. आई मात्र कुणाशी बोलत नसत. आपलं हिंदी ऐकून लोक हसतील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खरं तर आमच्या सोसायटीत कुणाचंच हिंदी हिंदीसारखं नाही. खालच्या साहू भाभी एका वाक्यात छत्तीसगढी सुरू करून हिंदीत संपवतात, आणि माझी ईरा, वय वर्षे चार, आजीला मराठीत काही विचारलं की हिंदीत उत्तर देते आणि वर "समझ गई ना?" म्हणते.

त्यात संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी बायका एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जात असतात, आणि मराठी नसलेल्या बायका त्याहून जास्त उत्साहानं जातात. रोज संध्याकाळी आई म्हणायच्या, "तू जाऊन ये, मी पोट्टीजवळ बसतो." मामंजी गेल्यापासून त्या कुणाच्या हळदीकुंकवाला गेलेल्या नाहीत. आपल्याच घरी असलं तर आतल्या खोलीत बसतात. कुणी बस म्हणत नाही, कुणी ऊठही म्हणत नाही. मग एका संध्याकाळी मी वाटी, तिळगूळ आणि हसरं तोंड घेऊन परत आले तर त्या म्हणाल्या, "मी जातो म्हणतो आता वर्ध्याले. माझं इथं काय काम?" आणि पुष्करनं तिकीट काढलं.

सरळ "जाऊ नका" म्हणावं एवढं मलाही सुचत होतं. पण मी घरी बसून एका कंपनीचं हिशेबाचं काम करते, आणि ईराला आई सांभाळतात. मी "राहा" म्हटलं असतं तर त्याचा अर्थ "पोरगी सांभाळा" असा झाला असता. निदान मला तसं वाटलं. तेव्हा बोलायचं नाही, त्यांना इथं मैत्रिणी मिळवून द्यायच्या, म्हणजे त्या आपोआप राहतील, असा सरळ, सोपा आणि एक वाक्य वाचवणारा बेत मी केला.

खेळ मला माझ्या मावसबहिणीनं, गंधालीनं, दाखवला होता. तो एका छोट्या थैलीत मावतो. त्यात लहानशी कोरी वही, सहा रंगांचे सहा स्केचपेन आणि कार्डांची पाकिटं. सहा जणींनी बसायचं. प्रत्येक पाकिटात सहा कार्डं. पाचांवर एकच शब्द, समजा पतंग. सहावं कोरं. आपलं कार्ड आपणच पाहायचं, दुसरीला दाखवायचं नाही. मग एकाच कागदावर पाळीपाळीनं प्रत्येकीनं आपल्या रंगानं एकच रेघ काढायची, अशा दोन फेऱ्या. जिचं कार्ड कोरं, तिला काय काढायचंय हेच माहीत नसतं. तिनं सगळं माहीत असल्यासारखं रेघ ओढून द्यायची. शेवटी सगळ्यांनी संशयितावर बोट रोखायचं. चुकीच्या बाईवर रोखलं तर कोरी जिंकली.

यात बोलावं लागत नाही, हिंदीचा प्रश्न मिटला. कुंकवाचाही संबंध येत नाही. मला तर हा खेळ कुणी आईंना पाहूनच बनवला असावा असं वाटलं.

थैल्या मी घरी शिवल्या. ईरा दुपारी झोपली की मशीन काढायची, आणि मशीनच्या आवाजानं ती उठली की ठेवून द्यायची. कापडाचा प्रश्न नव्हता. ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात गठ्ठ्यानं होते. ब्लाउजपीस ही शिवायची वस्तू नाहीच, ती फिरायची वस्तू आहे. त्यातला एक जांभळा, जरीच्या काठाचा, मीच कधीतरी तिसऱ्या मजल्यावर दिला होता. तो चौथ्या मजल्यावरून परत आला होता. त्याच्यावर कात्री चालवताना मला एखाद्या नदीवर धरण बांधल्यासारखं वाटलं.

आई शेजारी बसून धागे तोडत होत्या. "कायच्या करून राहिली ह्या पिशव्या?"

"वाण आहे, आई. खेळ आहे यात."

"वाणात खेळ?" त्यांनी जांभळी थैली उलटीसुलटी करून पाहिली. "टाका मोठा झाला इथं. दे इकडं." आणि उसवून, बारीक टाका घालून परत दिली.

कार्डं छापायला मी चौकातल्या सुशील भैयांकडे गेले. सुशील भैया लग्नपत्रिका छापतात आणि स्वभावानं फार चांगले आहेत. माझ्या सगळ्या अडचणींचं मूळ हेच आहे की या प्रकरणातली सगळी माणसं स्वभावानं फार चांगली होती. मी त्यांना तीनदा समजावलं की पाच कार्डांवर शब्द, सहावं कोरं. ते तीनदा "हव", म्हणजे हो, म्हणाले. गठ्ठा आणायला गेले तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दीदी, एक बात बताऊँ, बुरा मत मानना. आपके मैटर में गलती थी. हर सेट में एक कार्ड खाली जा रहा था. मैंने पकड़ लिया. सब भरवा दिया है."

मी पाकीट उघडलं. पतंग, पतंग, पतंग, पतंग, पतंग, पतंग.

"भैया, एक खाली ही रखना था."

"खाली?"

"हाँ. जिसको खाली मिलेगा, वो झूठ बोलेगी."

सुशील भैयांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव छापू नका असं मी सांगितलं होतं. "त्योहार में किसी को खाली कार्ड देंगे, दीदी? अच्छा लगेगा?" शेवटी त्यांनी त्याच कागदाची कोरी कार्डं कापून दिली. कागद पातळ होता, जाड कागद त्यांचं मशीन खात नाही. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी आत कुणाला तरी म्हटलेलं मला ऐकू आलं, "टेंशन में हैं बेचारी. छोटा बच्चा है ना."

आता जागा. घरी सहा बायका बसल्या की सातवीला फ्रीज उघडता येत नाही, म्हणून मी सोसायटीचा हॉल मागायला गेले. आमचे सेक्रेटरी श्यामराव काका. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं, आणि सोसायटीची मोटर बिघडली तरी बोलणं भोसल्यांपासून सुरू होतं. एका सरकारी खात्यातून ते निष्कलंक निवृत्त झालेत. म्हणजे कुठल्याही कागदावर त्यांची सही मिळाल्याचं कुणाला आठवत नाही.

"बेटा, अर्जात खेळाचं स्वरूप लिहावं लागेल," ते म्हणाले. "हॉलमध्ये ताश आणि जुगार मना आहे."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला. "यात एक जण खोटं बोलते?"

"बोलत नाही काका, रेघ ओढते."

"खोटी रेघ. आणि बाकीच्या तिच्यावर आरोप करतात. मग हे सांस्कृतिकमध्ये कसं बसेल?"

मी म्हटलं, खेळूनच दाखवते. ऑफिसात काका होते, केअरटेकर गौतम होता, मोटर पाहायला आलेला मिस्त्री होता, मी होते आणि माझ्या कडेवर ईरा होती. मी कार्डं वाटली. आणि माझं नशीब असं की कोरं कार्ड काकांना गेलं.

त्यांनी ते पुढून पाहिलं. मागून पाहिलं. उजेडाला धरलं. आणि टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यात काहीच लिहिलेलं नाही."

"काका, ते सांगायचं नसतं."

"कमाल आहे. कागद कोरा आहे हे सांगायचं नाही? मी सारी नोकरी हेच सांगत आलो."

गौतमनं अदबीनं आपलं कार्ड पुढे केलं. "सर, मेरा ले लीजिए. इसमें लिखा है." मिस्त्रीनंही आपलं पुढं केलं. ईरानं तिचं कार्ड चावून ओलं केलं होतं, तेसुद्धा तिनं पुढं केलं. काकांनी मात्र नियम सोडला नाही. त्यांनी माझ्याकडून कोऱ्या कार्डावर शब्द लिहून घेतला, त्याखाली माझी छोटी सही घेतली, आणि मग समाधानानं पतंगाची शेपटी काढली.

परवानगी मिळाली, दोन अटींवर. एक, कोऱ्या कार्डाच्या बाईला चोर, ठग किंवा झूठी म्हणायचं नाही. आम्ही "पाहुणी" हा शब्द ठरवला. दोन, हॉल घेतला की कार्यक्रम सगळ्या महिलांना खुला. संध्याकाळपर्यंत खाली फलकावर "महिला सांस्कृतिक कार्यक्रम, अल्पोपहार" लागलंसुद्धा. मी बारा थैल्या शिवून थांबले होते. आता मशीन पुन्हा निघालं, आणि अल्पोपहार म्हणजे कुणी करायचा हे फलकावर लिहिलेलं नव्हतं.

आईंनी चणाडाळ भिजत घातली. कुणी सांगितलं नव्हतं. "वडे करू," म्हणाल्या. "एवढ्या जणी येतीन तं नुसत्या तिळगुळानं काय होते?"

माझी आशा पालवली. पण त्या संध्याकाळी मी पाकिटं भरत होते तेव्हा त्यांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा सुशील भैयांसारखा झाला.

"हे काहून कोरे?"

मी समजावलं.

"नाही. वाणात रिकामं जात नसते. डबा परत करतो तं त्यातबी साखरेचे दोन दाणे टाकतो आपण. सणाच्या दिवशी बाईच्या हातात कोरा कागद?"

"आई, ते कोरं असल्याशिवाय खेळच होत नाही."

"शब्द नको लिहू. दुसरं काई दे."

इथं खरं म्हणजे मी ठाम राहायला हवं होतं. सहावं कार्ड कोरंच हवं, हे मी सुशील भैयांना सांगितलं होतं, श्यामराव काकांना सांगितलं होतं, पुष्करला तर झोपेतून उठवून सांगितलं होतं. पण ज्या बाईला गाडीत बसू द्यायचं नाही तिच्याशी वाद कसा घालणार? मी हिरवं स्केचपेन पुढं केलं. आईंनी प्रत्येक कोऱ्या कार्डावर एक पान काढलं. शिरांसकट, देठासकट. त्यांना एवढं मन लावून काही करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ईरा शेजारी बसून म्हणत होती, "आजी, और पत्ता. और बनाओ." आणि आजी म्हणत होत्या, "थांब ना बाप्पा, शाई वाळू दे."

शाई वाळली. वाळायच्या आधी ती पातळ कागदातून पलीकडे गेली होती, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

रथसप्तमीला हॉल भरला. साहू भाभी आल्या, सुनीती भाभी आल्या. या सुनीती भाभी नवा रायपुरात मंत्रालयात असतात आणि हळदीकुंकवालाही पर्समध्ये फाइल घेऊन येतात. ज्यांची तोंडओळखसुद्धा नव्हती अशा बायका आल्या आणि "वो खेल वाला है ना?" म्हणून आधीच गोलात बसल्या. हॉलला लागून चहा करायची छोटी खोली आहे. आई वडे तळायचं निमित्त करून तिथं गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी दोनदा बोलवायला गेले. "होऊ दे तुमचं," त्या म्हणाल्या. तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं.

मी हळदीकुंकू लावलं, थैल्या दिल्या, नियम सांगितले आणि पहिल्या गोलात स्वतः बसले. कार्डं वाटली गेली. प्रत्येकीनं आपलं कार्ड छातीशी धरलं. सुनीती भाभींच्या कार्डाच्या पाठीवर हिरवागार डाग होता.

मला दिसला. साहू भाभींना दिसला. सगळ्यांनाच दिसला, कारण सगळ्या एकदम खिडकीकडे पाहायला लागल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या साडीला डाग असला तर आपण तो पाहत नाही. हा तर तिच्या हातात होता. सुनीती भाभी बिचाऱ्या घाम येईपर्यंत विचार करून एक वाकडी रेघ ओढून मोकळ्या झाल्या. शेवटी बोट रोखायची वेळ आली तेव्हा पाचही जणींनी माझ्यावर बोट रोखलं.

"माझ्यावर का?"

"आप घर की हैं ना," साहू भाभी म्हणाल्या. "मेहमान को थोड़ी बोलेंगे."

दुसऱ्या गोलात याहून वाईट घडलं. तिथं एकीला पान आलं तर तिच्या दोन्हीकडच्या बायकांनी आपलं कार्ड दाखवलं. "तुम्हारे में नहीं आया क्या? ये देखो, मटका है, मटका बनाओ." तिसऱ्या गोलात एकीनं मला हाक मारून सांगितलं की त्यांच्याकडे एक कार्ड चुकीचं छापलंय, पण काही हरकत नाही, सगळ्यांनी मिळून ते दुरुस्त केलंय. खिडकीबाहेर श्यामराव काका हॉलच्या पंख्यांची तपासणी करत होते. ती तपासणी बराच वेळ चालली.

मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. इतक्या दुपारी, इतके ब्लाउजपीस, आणि सगळा खेळ यांच्या चांगुलपणानं बुडवला होता. "ज़रा सुनिए," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. "ज़रा सुनिए," मी पुन्हा म्हटलं, या वेळी माझा आवाज शाळेतल्या बाईंसारखा चिरकला, आणि ईरानं लांबून "मम्मा गुस्सा हो गई" असं जाहीर केलं.

तेव्हा चहाच्या खोलीचं दार उघडलं. आई झारा हातात घेऊन उभ्या होत्या. दाराच्या फटीतून त्या सगळं पाहत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"तुमचं काईच धड चालून नाही राहिलं," त्या मला म्हणाल्या. मग जवळच्या गोलातलं एक कार्ड उचलून पाठ पाहिली. "हे मह्याच पानाचं काम होय. डाग उतरला." क्षणभर विचार केला. "पुसल्या तं जाणार नाही. सगळ्याइले डाग लावून टाक."

"म्हणजे?"

माझ्याशी डोकेफोड करण्यात वेळ न घालवता त्या बायकांकडे वळल्या. आणि मग मी माझ्या सासूबाईंचं हिंदी पहिल्यांदा भर सभेत ऐकलं. "सुनो बाई सब. हरा पेन निकालो. सब पत्तों के पीठ पर हरा टिपका लगाव. एक भी छूटना नहीं. और अपना पत्ता दूसरे को दिखाया तो वडा नहीं मिलेगा."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच, धमकी खरी होती. सगळ्या हॉलनं माना खाली घातल्या आणि कार्डांवर हिरवे डाग लावायला सुरुवात केली. सुनीती भाभींनी पर्समधून हिरव्या शाईचं पेन काढलं. ते मंत्रालयात बऱ्याच वरच्या सह्यांसाठी असतं म्हणे.

त्यानंतर खेळ खेळासारखा सुरू झाला. आई परत आत जाणार इतक्यात साहू भाभींच्या गोलातली एक जण पोराला ट्यूशनहून आणायला उठली आणि जागा रिकामी झाली.

"आओ ना दीदी," साहू भाभी म्हणाल्या.

"मी नाही. मेरा वो नहीं रहता. मैं हळदीकुंकू में नहीं बैठती."

"हाथ चलाना है दीदी, माथा थोड़ी माँग रहे हैं." साहू भाभींनी त्यांचा झारा काढून माझ्या हातात दिला आणि त्यांना हाताला धरून बसवलं.

मी झारा घेऊन मागं उभी राहिले. वडे कोण पाहत होतं, मला ठाऊक नाही. कार्डं वाटली. आईंनी आपलं कार्ड उचललं, एक नजर टाकली आणि मांडीवर पालथं ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर असतो तसा चेहरा. मला वाटलं, शब्दच आला असेल.

साहू भाभींनी एक मोठी गोल रेघ ओढली, तोंड थोडं उघडं. सुनीती भाभींनी बाजूला आडवी रेघ ओढली. दोघींनी आणखी दोन रेघा टाकल्या. आईंची पाळी आली. त्यांनी कागद आपल्याकडे वळवला, नीट पाहिला, आणि साहू भाभींच्या गोलाचं उघडं राहिलेलं तोंड एका छोट्या रेघेनं बंद केलं.

"काढता तं पुरं काढा ना बाप्पा," त्या म्हणाल्या. "आधी अधूरी छोड़ देते, फिर दूसरे को करना पड़ता."

साहू भाभी ओशाळल्या. दुसऱ्या फेरीत आईंनी सुनीती भाभींच्या रेघेला जोडून एक बारीक टोक काढलं आणि मान हलवली. "सुनीतीबाई, इतना सीधा नहीं दिखाते. पाहुणी को समझ जाएगा." सुनीती भाभी गोंधळल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना आणि त्या जास्तच दोषी दिसायला लागल्या. बोट रोखायची वेळ आली तेव्हा आईंनी सगळ्यांत आधी, शांतपणे, सुनीती भाभींवर बोट रोखलं. मागोमाग बाकीची सगळी बोटं.

"अरे, मेरे में लिखा है," सुनीती भाभी कार्ड दाखवत म्हणाल्या. "ये देखो. कुकर."

"अच्छा, कुकर था क्या?" आईंनी मांडीवरचं कार्ड उलटं केलं. हिरवं पान.

मग साहू भाभींनी कपाळाला हात लावला आणि त्या हसता हसता शेजारणीच्या मांडीवर आडव्या झाल्या. सुनीती भाभी कार्ड धरून तशाच होत्या. "इन्होंने मुझे डाँटा," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "मुझे कुकर आया था और इन्होंने मुझे डाँटा." बाकीचे गोल उठून इकडं आले. आणखी एक डाव, आंटी आमच्यात, नाही आमच्यात. आई म्हणत होत्या, "वडे जळतीन." वडे आधीच जळले होते. तळाचे काळे कुणी खाल्ले कोण जाणे. श्यामराव काका पंखे तपासून आत आले होते एवढं मी पाहिलं.

निघताना साहू भाभींनी उरलेली एक थैली आईंच्या हातात ठेवली. "लेवव दीदी, तुंहर बाँटा." घ्या, हा तुमचा वाटा.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाणाचं घेणं होत नाही हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, साहू भाभींना माहीत नव्हतं किंवा माहीत असून त्या ऐकत नव्हत्या. मी झाऱ्याकडे पाहिलं. आईंनी थैली कमरेला खोचली.

घरी आलो. पुष्कर ईराला झोपवता झोपवता स्वतः झोपला होता. आईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली. मी म्हटलं, "आई, तुम्हाला हे जमलं कसं? चेहरा जरासुद्धा हलला नाही."

"त्यात काय." त्या थैलीची नाडी नीट करत होत्या. "महिन्याच्या शेवटी पाहुणे यायचे, घरात साखर नसे. सासरे म्हणत, चहा टाक. मी हसत हसत टाकत होतो, न् मागच्या दारानं शेजारी वाटी पाठवत होतो. पाहुण्याले काई समजलं नाही कधी." मग त्यांनी बॅगेकडे पाहिलं. "गाडी सकाळची आहे नं?"

मी त्यांचा चेहरा पाहिला. जायचंय की नाही, दुःख आहे की नाही, काही दिसेना. तोच कुकरच्या वेळचा चेहरा. आणि मला लख्ख कळलं की या बाईसमोर आपण कितीही रेघा ओढल्या तरी आपल्याला अंदाज लागायचा नाही. आता विचारण्याशिवाय, किंवा सांगण्याशिवाय, मार्गच उरला नव्हता.

"आई, जाऊ नका," मी म्हटलं. "ईरासाठी नाही. म्हणजे ईरासाठीपण. पण तुम्ही नसल्या की मला करमणार नाही."

त्यांनी नाडी ओढून गाठ मारली.

"एवढं म्हणायले तुले सारी सोसायटी जमा करा लागली?"

"मला वाटलं, तुम्हालाच जायचंय."

"मी म्हटलं, जातो म्हणतो. म्हणतो म्हटलं नं? त्यावर माणूस 'काहून जाता' म्हणते. तुहा नवरा काय म्हणाला, माहीत आहे?" आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. "म्हणे, आई, लोअर बर्थ पाहू काय?"

दोघी हसलो. हसताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला, तो का लावला हे मी विचारलं नाही. सगळंच विचारायचं नसतं.

सकाळी पुष्करला उठवून तिकीट रद्द करायला सांगितलं. तो म्हणाला, लोअर बर्थ मिळाला होता, एवढ्या गर्दीत. मी त्याला म्हटलं, "तू प्लांटवर जा."

दुपारी जेवणं आटोपली, मी लॅपटॉप उघडला, आईंनी ईराला थोपटायला घेतलं, आणि बेल वाजली. दारात साहू भाभी, सुनीती भाभी आणि आणखी तिघी. सुनीती भाभींनी अर्धी रजा टाकली होती. "आंटी को भेजिए," त्या म्हणाल्या. "कल का हिसाब बाकी है."

आईंनी ईराला उचलून माझ्या मांडीत, लॅपटॉपच्या वर, ठेवलं. थैली कमरेला खोचली. "झोपली नाही तं तिले वरणभात घाल," त्या म्हणाल्या. "आणि माझी वाट पाहू नको. सहा जणी पाहिजेत, मधून उठून येता येत नाही."

आणि चपला घालून, सुनीती भाभींना कुकरवरूनच काहीतरी सुनावत, त्या जिना उतरल्या.